माथ्याच्या जरा खालीच गाडी दर वेळी का रुतते?

क्लबबरोबर वाळूच्या टेकड्यांवर फोर बाय फोर (चारही चाकांना जोर मिळणारी गाडी) घालणाऱ्या नवशिक्यांची तक्रार जवळजवळ ठरलेली असते. सपाट वाळूवर गाडी मस्त पळते, लहान टेकाडांवर काही वाटत नाही. जरा उंच टेकडी आली की माथा दोन-तीन गाड्यांच्या अंतरावर असताना जीव जातो. चाकं फिरतात, गाडी जागची हलत नाही. क्लबमधलं कुणीतरी धावत येतं, दोर लावतं, खेचून काढतं, "होतं असं, काळजी करू नका" म्हणतं. पुढच्या टेकडीवर पुन्हा तेच. पुढच्या फेरीतही तेच.

यावर "सराव करा, जमेल" हा सल्ला सगळ्यात जास्त दिला जातो आणि सगळ्यात कमी उपयोगी पडतो. चुकीचं वळण गिरवत बसलं तर ते पक्कं होतं, एवढंच. दुसरा लाडका सल्ला म्हणजे वर गेल्यावर एक्सिलरेटर अजून दाबा. हे म्हणजे आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी. गाडी जिथे थांबली तिथे बहुतेक वेळा काही चुकलेलं नसतं. चुकलेलं असतं खाली पायथ्याशी, नाहीतर त्याच्याही आधी, टायरमधली हवा सोडताना. माथ्याजवळ फक्त ते उघडं पडतं.

दोर लावण्याआधी दोन मिनिटं मागून घ्या

चांगल्या क्लबची अडचण ही की माणसं फारच चांगली असतात. ताफा खोळंबलेला असतो, रेडिओवर "आलो, आलो" ऐकू येतं आणि तुम्ही सीटबेल्ट सोडेपर्यंत शॅकल (दोर जोडायची लोखंडी कडी) अडकवून झालेलं असतं. गाडी निघते खरी, पण ज्या चाकोऱ्यांत सगळा पुरावा होता त्या खेचाखेचीत मोडून जातात. नवशिक्याला का रुतलो ते कळतच नाही, फक्त सुटका कशी होते ते कळतं. म्हणून रेडिओवर सरळ सांगा: "मी ठीक आहे, दोन मिनिटं थांबा, चाकोऱ्या बघून घेतो." समजूतदार लीडर नाही म्हणणार नाही. अपवाद दोनच. गाडी उतारावर आडवी झाली असेल, किंवा मागून येणाऱ्याला दिसणार नाही अशा जागी अडकली असेल, तर आधी माथ्यावर माणूस उभा करायचा आणि गाडी हलवायची. अभ्यास नंतर.

उतरून गाडीच्या मागे पायथ्यापर्यंत चालत जा आणि मग चाकोऱ्या वाचत वर या. खालपासूनच चाकोरी खोल असेल आणि टायरच्या पुढे वाळूचा बांध साचला असेल, तर हवा जास्त आहे. गाडी वाळूवर चढण्याऐवजी वाळू ढकलत चालली होती. चाकोरी उथळ आहे, टायरच्या नक्षीचा ठसा स्वच्छ उमटलाय आणि मग हळूहळू, बऱ्याच अंतरावर, खोल होत गेलीय? मग वेग कमी पडला. वरपर्यंत ठसा स्वच्छ आणि शेवटी एकदम चार खड्डे, मागे उधळलेली वाळू, असं दिसलं तर शेवटच्या क्षणी पाय जोरात दाबला गेला आणि चाकांनी स्वतःचीच कबर खणली.

दोन खुणा सहज निसटतात. गाडी सरळ चालते तेव्हा मागची चाकं पुढच्यांनी दाबलेल्या वाळूवरूनच जातात, म्हणून दोनच चाकोऱ्या दिसतात. चढावर कुठे त्या चार झालेल्या दिसल्या तर तिथे स्टीअरिंग वळलंय. चारही चाकांना कोरी वाळू फोडावी लागली आणि जोर तिथेच खर्च झाला. दुसरी खूण मॅन्युअल गाडीची. चढावर मध्येच एका जागी ठसा पुसट होऊन लगेच चाकोरी खोल झालेली असेल तर तिथे गिअर बदललाय. डांबरी रस्त्यावर क्लच दाबला तर गाडी घरंगळत राहते. वाळूत क्लच दाबणं आणि ब्रेक मारणं यात फारसा फरक नाही.

चाकोऱ्यांच्या मधोमध गुळगुळीत घासलेला पट्टा असेल तर गाडीचं पोट टेकलंय. अशा वेळी चाकांपुढची वाळू कितीही काढा, उपयोग नाही. आधी पोटाखालची काढावी लागते.

हवा: "सगळ्यांनी १५ ठेवली म्हणून मीही १५"

दहांतल्या सात-आठ नवशिक्यांचं कोडं इथेच सुटतं असं माझं मत आहे, त्यामुळे इथे घाई करू नका. रस्त्यावर ३२ ते ३६ पीएसआय (हवेच्या दाबाचं माप) हवा असते. वाळूच्या टेकड्यांसाठी बहुतेक क्लब १५ च्या आसपास सुरुवात करायला सांगतात आणि गाडीप्रमाणे १२ ते १८ मध्ये फिरवतात. हवा कमी केल्यावर टायर रुंद होतो असं सगळ्यांना वाटतं. होतो, पण थोडाच. खरा फरक लांबीत पडतो. जमिनीला टेकलेला भाग पुढे-मागे लांब होतो, वजन जास्त जागेवर पसरतं आणि पुढे ढकलायची वाळू कमी होते. युक्ती जुनी आहे. राल्फ बॅगनॉल्ड नावाचा ब्रिटिश लष्करी इंजिनिअर १९२० च्या दशकाच्या उत्तरार्धापासून इजिप्त आणि लिबियाच्या वाळवंटात फोर्ड मॉडेल टी आणि पुढे मॉडेल ए गाड्या घालत होता, तेही फोर बाय फोर नसताना. टायरमधली हवा कमी करायची, मऊ वाळूवर वेग सोडायचा नाही आणि रुतलं तर चाकाखाली लोखंडी पट्ट्या सारायच्या, ही त्याची पद्धत. आज आपण प्लास्टिकच्या रिकव्हरी बोर्डला जे करायला लावतो तेच.

आता १५ हा आकडा सगळ्यांना सारखा का लागू नाही? सामानाने भरलेली जड गाडी आणि तीच रिकामी यांना एकच हवा चालत नाही. टायरची भिंत बुटकी असेल तर तो फुगायला जागाच कमी, आणि रिम दगडाला लागण्याची भीती वेगळी. म्हणून आकड्यापेक्षा टायरकडे बघा. गाडी घट्ट जमिनीवर उभी करून टायरखाली पुढून एक आणि मागून एक पुठ्ठा अडेपर्यंत सरकवा आणि दोन्हींमधलं अंतर मोजा. रस्त्याच्या हवेवर एकदा, वाळूच्या हवेवर एकदा. अंतर नजरेत भरेल इतकं वाढलं नसेल तर अजून हवा सोडायची आहे. क्लबमध्ये तुमच्यासारखीच गाडी, तेच टायर असलेलं कुणी असेल तर त्याचं अंतर मोजा, त्याचा आकडा विचारत बसू नका.

हवा मोजायच्या गेजवर आंधळा विश्वास नको. शंभर-दीडशे पीएसआयपर्यंत मोजणाऱ्या गेजचा काटा खालच्या टोकाला काय दाखवतो याची खात्री नसते. क्लबमधल्या चार-पाच जणांचे गेज एकाच टायरला लावून बघा, दोन-तीन पीएसआयचा फरक सहज निघतो. म्हणजे रेडिओवर सगळे १५ म्हणत असतात आणि तुमच्या टायरमध्ये १८ असते.

"सकाळी गाडी छान चढते, दुपारी बसते" ही तक्रार तर हमखास येते. तिची कारणं दोन. एक वाळूचं. पहाटेच्या गारव्याने वरच्या थरात जरा ओल असते, कण एकमेकांना धरून राहतात. ऊन चढलं की ती जाते. दुसरं कारण टायरच्या आतलं. १५ पीएसआयच्या आसपास तापमान १० अंशांनी वाढलं की हवा साधारण १ पीएसआयने वाढते. कमी हवेचा टायर सतत वाकतो, त्याने तापतो, खाली वाळू तापलेली. सकाळी थंड टायरमध्ये ठेवलेले १५ दुपारी जेवायच्या वेळेला १७-१८ झालेले असतात. सकाळचा आकडा डोक्यात घेऊन बसू नका. मोठ्या टेकड्यांच्या आधी पुन्हा मोजा.

हवा सोडायलाही मर्यादा आहे. १२ च्या खाली गेलात आणि वेगात झटक्याने वळलात की टायर रिमवरून सुटू शकतो, बाजूच्या उतारावर तर हमखास. रुतल्यावर बाहेर पडण्यापुरते १० वर जा, सरळ आणि सावकाश निघा, मग पुन्हा भरा. डांबरी रस्ता गाठण्याआधी कॉम्प्रेसर बाहेर काढून टायर पुन्हा भरायचेच. कमी हवेवर वेगात गेलं की टायरच्या भिंती आतून जळतात.

पाय कधी दाबायचा, कधी उचलायचा

चढ चढायचा जोर पायथ्याशी कमवायचा असतो. सपाटीवर वेग घ्या, चढ सुरू झाला की पाय स्थिर, माथा जवळ आला की हलकेच सैल. नवशिका नेमकं उलट करतो. पायथ्याशी बिचकत येतो आणि गाडी मंदावली की वरती पूर्ण दाबतो. तोपर्यंत वेळ गेलेली असते. जागच्या जागी फिरणारं चाक पुढे नेत नाही, खाली नेतं.

दुसरा प्रकार म्हणजे पाय फार लवकर उचलणं, आणि त्याला मी दोष देणार नाही. वाऱ्याच्या बाजूचा चढ मवाळ असतो, पण माथ्यापलीकडे वाळू ३२ ते ३४ अंशांच्या कोनात घसरत गेलेली असते आणि वर पोहोचेपर्यंत ती दिसत नाही. माथ्यावरून उडून नाकावर आपटणं हा या छंदातल्या वाईट अपघातांपैकी एक. त्यामुळे भीती अगदी बरोबर आहे. तिच्यावर उपाय धाडस नाही, पलीकडची माहिती हा आहे. माथ्यावर बाजूला क्लबचा एक माणूस उभा राहू द्या. तो हात वर करेल तेव्हाच पाय सैल करायचा. पलीकडे काय आहे ते कुणीतरी बघतंय एवढं कळलं की पाय आपोआप दोन-तीन मीटर उशिरा उचलला जातो, आणि तेवढेच कमी पडत असतात.

याचा एक सराव आहे, कंटाळवाणा पण कामाचा. स्वच्छ पायथा असलेली मध्यम टेकडी निवडा. मुद्दाम कमी वेगाने चढा, गाडी जिथे थांबेल तिथे बाजूला काठी रोवायला सांगा, सरळ रिव्हर्समध्ये खाली या. मग ताशी पाच किलोमीटर वेग वाढवून पुन्हा. फक्त वेग बदलायचा. हवा, गिअर, वाट तीच. काठ्यांची रांग वर सरकत जाताना दिसते आणि पायाला कळतं की या वाळूत एवढ्या उंचीला एवढा वेग लागतो. माथा चालण्याच्या वेगाने पार झाला म्हणजे माप जुळलं. त्याहून जास्त वेगाने वर पोहोचत असाल तर ते कौतुक नाही.

गिअर पायथ्याशीच ठरवा, असा की वरपर्यंत बदलायला लागू नये. ऑटोमॅटिक गाडी मॅन्युअल मोडमध्ये धरून ठेवा. नाहीतर तुम्ही पाय जरा सैल केला की ती वरचा गिअर टाकते आणि चढावर तिचा दम जातो.

वाट आणि ताफा

रांगेत चालताना एक गोष्ट हमखास होते. पुढचा चढत असतो, मागचा त्याला चिकटून पायथ्याशी येऊन थांबतो आणि मग तिथूनच निघतो. धावायला जागाच उरलेली नसते. पुढच्याने रेडिओवर "पार" म्हणेपर्यंत मागे, सपाटीवर, नाक शक्यतो उताराकडे करून थांबा. थांबतानाही ब्रेक दाबून थांबू नका, पाय काढून गाडी आपोआप थांबू द्या. ब्रेकने चाकांपुढे वाळूचा बांध तयार होतो आणि निघतानाच तो फोडावा लागतो. लीडरच्या मागोमाग दुसरा नंबर मिळाला तर तो मागून घ्या, लाजू नका. सहाव्या गाडीला मिळणारा चढ पाच गाड्यांनी नांगरलेला असतो. नांगरलेला असेल तर जुन्या चाकोरीला अर्ध्या गाडीची रुंदी सोडून जा. सपाट मऊ वाळूवर मात्र उलट. तिथे पुढच्याच्या चाकोरीतच राहा, वाळू दबलेली असते.

पाय दाबलाय आणि इंजिन मरगळलंय?

पाय पूर्ण दाबलेला असूनही इंजिन घुसमटत असेल तर तुमचा पाय निर्दोष आहे. ट्रॅक्शन कंट्रोल किंवा ईएसपी या घसरण रोखणाऱ्या इलेक्ट्रॉनिक यंत्रणेला चाकांची घसरण दिसते आणि ते इंजिनचा जोर कापतं. निसरड्या रस्त्यावर हे जीव वाचवतं, वाळूच्या चढावर नेमकं नको तेव्हा नडतं. ते बंद करायला बऱ्याच गाड्यांत बटण नुसतं दाबून भागत नाही, काही सेकंद दाबून धरावं लागतं. आणि इंजिन बंद करून पुन्हा सुरू केलं की बहुतेक गाड्यांत ते परत चालू होतं. विश्रांतीनंतरच्या पहिल्याच टेकडीवर गाडी बसली, की आधी ईएसपीचा दिवा बघा.

बसलीच तर

पुढे जात नाही असं जाणवलं त्याच क्षणी पाय काढा. तेव्हा थांबलात तर पाच मिनिटांत निघाल, आणखी थोडं रेटून बघितलंत तर अर्धा तास फावडं. रिव्हर्स टाका आणि आलात त्याच चाकोऱ्यांवरून सरळ खाली या. चढावर गाडी वळवायची नाही, आडवी झालेली गाडी लोळते. मागचा भाग बाजूला सरकू लागला तर ब्रेक धरून बसू नका, ब्रेक सोडा, पुढची चाकं सरळ करा आणि गाडीला उताराच्या रेषेत येऊ द्या. रिव्हर्सलाही हलली नाही तर मागच्या बाजूची आणि पोटाखालची वाळू काढा, दोन-तीन पीएसआय हवा सोडा, मग पुन्हा बघा.

दोर शेवटी. तोही गाडीच्या चॅसिसला असलेल्या, खेचण्यासाठीच दिलेल्या हुकलाच. ट्रेलर जोडायच्या गोळ्याला दोर अडकवणाऱ्याला, तो कितीही जुना मेंबर असो, थांबवा. ताणला जाणारा दोर त्याच्या लांबीच्या ३० टक्क्यांपर्यंत लांबतो आणि तेवढा जोर स्वतःत साठवतो. गोळा तुटला तर तो काचेतून आत येतो, आणि अशाने माणसं मेलेली आहेत. दोर ताणलेला असताना बघ्यांनी दोराच्या दीडपट लांबीपलीकडे राहायचं.

तरीही तिथेच बसते

हवा नीट मोजली, वेग जुळवला, वाट बदलली, ईएसपी बंद केलं आणि गाडी तरीही त्याच उंचीवर बसते. मग लीडरला किंवा एखाद्या मुरलेल्या मेंबरला विनंती करा: माझी गाडी, हीच हवा, हीच वाट, तुम्ही चालवा. तुम्ही शेजारी बसा. त्याचे पाय बघायची गरज नाही, इंजिनचा आवाज ऐका. तुमच्या हातात असताना आवाज कुठे पडतो आणि त्याच्या हातात कुठे, हा फरक एका फेरीत कानाला कळतो. त्याने चढवली तर पुढची फेरी लगेच तुमची, तो शेजारी.

त्याच्याकडूनही चढली नाही तर गाडी तपासा. एक माणूस बाजूला उभा करून मऊ सपाट वाळूवर निघा आणि त्याला पुढच्या चाकांकडे बघायला सांगा. फोर बाय फोरचा दिवा लुकलुकत असेल तर ते लागलेलं नाही. थोडं पुढे-मागे होऊन तो स्थिर होईपर्यंत थांबा. जुन्या गाड्यांत पुढच्या चाकांचे हब (चाक ॲक्सलशी जोडणारा मधला भाग) हाताने फिरवावे लागतात आणि ते मोकळे राहिलेले असतात. गरजेपुरती चार चाकं चालवणाऱ्या गाड्यांत मधला क्लच तापला की पुढची किंवा मागची चाकं गपचूप सुटतात. अशा गाडीला दोन-तीन मोठ्या चढांनंतर निवांत थंड होऊ द्यावं लागतं. दिवसभर दुसऱ्यांच्या धुळीत चालली असेल तर एअर फिल्टर उघडून झटका. आणि लीडरने चढवताना इंजिनचा आवाज चांगला असूनही जोर येत नव्हता, क्लचचा जळका वास येत होता, तर त्या दिवसापुरत्या टेकड्या थांबवा. स्वीपबरोबर (ताफ्याच्या शेवटी चालणारी गाडी) सपाटीने बाहेर पडा आणि गाडी मेकॅनिककडे न्या.